आवर्तन आणि एक बादली पाणी

येवल्याहून आणि त्याच्या शेजारच्या गावांहून यंदाच्या उन्हाळ्यात आमच्याकडे जी पत्रे आली, त्यांतील तक्रार थोडक्यात अशी की, दर आठवड्यास टाकीतील चतुर्थांश पाणी बदलावे व खडीतील गाळ सायफनने ओढून काढावा, हा जो उपदेश हे मासिक वर्षानुवर्षे करीत आले आहे तो रोज नळ येणाऱ्या शहरांना शोभतो. परंतु ज्या गावचा साठवण तलाव पालखेडच्या डाव्या कालव्याच्या आवर्तनावर भरतो, आणि आवर्तन लांबले की ज्याच्या नळाचे दिवसही लांबतात, त्या गावच्या मत्स्यशौकिनाने तो कोणाच्या भरवशावर पाळावा? तक्रार करणाऱ्यांत टाकी बाळगणारे आहेत तसे टाक्या विकणारेही आहेत, आणि दोघांनी मिळून काढलेला तोडगा पत्रांत मोठ्या भाबडेपणाने नमूद झाला आहे: आठवड्याचे बदलणे बंद करून, वाफेने उतरलेली पातळी तेवढी भरत राहावयाची आणि दोन-अडीच महिन्यांनी नळाला मुबलक पाणी आले की टाकी सबंध धुऊन काढावयाची.

पाण्याच्या दुर्भिक्ष्याबद्दल आम्हांस शंका नाही. शंका आहे ती हिशेबाबद्दल. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी जी टाकी घरोघर दिसते, ती काठोकाठ भरली तर 56 लिटरची आहे. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता तीत 45 लिटरच पाणी असते. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे अकरा-साडेअकरा लिटर, अर्थात बादलीभरही नव्हे. आठ आठवड्यांचे झाले 90 लिटर. आता सबंध धुलाईचा दिवस घ्या: टाकी नव्याने भरावयास 45 लिटर, आणि खडी, काचा, फिल्टर यांवर ओतलेल्या चार बादल्यांचे निदान 60 लिटर, म्हणजे 105. ज्या काटकसरीच्या नावाखाली आठवड्याचा रतीब बंद केला, ती काटकसर कागदावरही उतरत नाही. शिवाय धुलाईचे पाणी साबणासह मोरीत जाते, तर आठवड्याचे गढूळ पाणी तुळशीला आणि कुंड्यांना खत म्हणून चालते.

परंतु पाणी हा या मामल्यातील लहान भाग होय. धुलाईच्या दिवशी काय घडते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने ग्राहकाच्या घरी पाहिले आहे. मासे एका बादलीत किंवा स्टीलच्या पातेल्यात काढले जातात; खडी घमेल्यात घेऊन, वरचे पाणी पांढरेशुभ्र निघेपर्यंत, ती धुण्याच्या पावडरने चोळली जाते; फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळला जातो; आणि नुकत्याच आलेल्या, ब्लीचिंग पावडरचा वास अद्याप न गेलेल्या पाण्याने टाकी भरून त्यात मासे सोडले जातात. संध्याकाळी घरची मंडळी टाकी किती झळाळते आहे म्हणून कौतुक करतात. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात, गोल्डफिश शेपटी आखडून तळाशी बसतो, आणि आठवड्याच्या आत निम्मी टाकी रिकामी होते.

कारण आपणांस ठाऊक आहे. माशांच्या कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते खडीच्या कणाकणावर व स्पंजच्या छिद्रांत वस्ती करून राहतात. साबणाने आणि क्लोरीनने त्यांचीच कत्तल होते. ज्यांच्या टाकीत अजून अंडरग्रॅव्हल फिल्टरची जाळी आहे त्यांची खडी तर साक्षात फिल्टरच होय, आणि तिची धुलाई म्हणजे फिल्टरच उपटून फेकणे. त्यात येवल्याकडचे, विशेषतः बोअरचे पाणी कठीण आणि अल्कधर्मी. पीएच जसजसा आठच्या वर चढतो तसतसा तेवढाच अमोनिया अधिक जहाल होतो. निऑन टेट्राच्या गावी जो गुन्हा कदाचित पचला असता तो येथे पचत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म असल्यामुळे ती पत्रांत कोणाच्याच ध्यानी आलेली दिसत नाही. वाफ होते ती केवळ पाण्याची, क्षार मागेच राहतात. समजा बोअरचे पाणी टीडीएस मीटरवर 800 दाखविते आणि मे महिन्यात 45 लिटरच्या टाकीतून आठवड्याला चार लिटर उडून जाते. पाणी न बदलता तेवढेच भरत राहिलो, तर दर आठवड्यास सत्तरएक अंशांची भर पडून अकराएक आठवड्यांत टाकीचा आकडा दुपटीस पोहोचतो. काचेवर पाण्याच्या रेषेशी जे पांढरे कवच धरते, ते याच शिलकेचे दृश्य दप्तर. मासे हळूहळू त्याला सरावतात, म्हणून मालकास वाटते की सर्व ठीक आहे. आणि मग धुलाईच्या दिवशी त्यांना 1600 मधून काढून एका तासात 800 मध्ये टाकले जाते. आपण ज्याला 'पाणी बदलल्याने मासा मरतो' असे म्हणतो, तो पाणी न बदलल्याने मेलेला असतो. यावर काहींनी घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी टाकीत वापरण्याची युक्ती कळविली आहे. त्या पाण्यात तर क्षार मूळ पाण्याहूनही अधिक असतात. ते फरशी पुसावयास ठेवावे. जे रेशीम धुऊन रंगविण्यावर पैठणीचे गाव उभे आहे, त्या गावच्या माणसास कठीण पाणी आणि मऊ पाणी यांतील भेद आम्ही सांगावा, हे जरा चमत्कारिकच आहे.

आता विक्रेत्यांविषयी, आणि येथे आम्हांस भीड बाळगण्याचे कारण दिसत नाही. कुर्ल्याच्या बाजारातून किंवा चेन्नईच्या कोळत्तूरहून आलेला माल जे आठ दिवस टिकविण्याची मशागत जाणतात, त्यांना धुलाईचा परिणाम ठाऊक नाही असे कसे मानावे? ठाऊक आहे, परंतु मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे विकले जातात, आणि त्यांच्या सोबत मिथिलिन ब्लूची बाटलीही खपते. एका व्यवसायबंधूंनी पत्रात साफ लिहिले आहे की ग्राहकास सर्व शिकविले तर दुकान चालावयाचे कसे? त्यांनी आपल्याच खातेवहीत पाहावे, टाकी घेतलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षी टिकून आहेत आणि किती जणांची टाकी माळ्यावर चढली. रंग दिलेली खडी, आणि तिच्याहून वाईट म्हणजे संगमरवराचे तुकडे, मुळातच कठीण पाण्याच्या गावात हौसेने खपविणाऱ्यांचाही समाचार कधीतरी घ्यावा लागेल. तुकड्यांवर थेंबभर व्हिनेगार टाकून फेस येतो का, एवढे पाहण्याचीही तसदी कोणी घेत नाही.

सरकारकडून या बाबतीत मदत होईल अशी ज्यांना आशा आहे, त्यांनी 2017 सालचे स्मरण ठेवावे. त्या वर्षी मे महिन्यात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मत्स्यालये व शोभिवंत माशांची दुकाने यांसाठी प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याखाली नियम काढले. 158 जातींची यादी लावली, आणि मत्स्यालयात पूर्णवेळ मत्स्यतज्ज्ञ अथवा पशुवैद्य नेमण्याचा हुकूम फर्मावला. जेथे आजारी गाईसाठी वैद्य गाठताना शेतकऱ्याचा दिवस मोडतो, तेथे गप्पीसाठी पूर्णवेळ वैद्य! वर्ष उलटण्यापूर्वीच ते नियम मागे घ्यावे लागले. स्थानिक कचेऱ्यांची तऱ्हा याहून निराळी नाही. एका तालुक्याच्या गावी दुकानाच्या टाक्यांसाठी जादा नळजोड मागणाऱ्या वाचकाचा अर्ज प्रथम 'व्यापारी' म्हणून, नंतर 'मत्स्यव्यवसाय' म्हणून या मेजावरून त्या मेजावर गेला, 'मासे खाण्याचे नसल्याने या खात्याचा संबंध नाही' असा शेरा घेऊन परत आला, आणि सध्या चैनीची बाब म्हणून तहकूब आहे.

तेव्हा कचेरीची वाट न पाहता जे करावयाचे ते असे. नळाच्या दिवशी टाकीसाठी एक बादली निराळी भरून, झाकण न लावता चोवीस तास ठेवावी. इतका धीर नसेल तर जुने फोटोग्राफर वापरीत त्या हायपोचे दोन-तीन खडे पुरे. माथ्यावरच्या टाकीतले मेमधील तापलेले पाणी आणि पौषातले गारठलेले पाणी खोलीच्या उष्णमानास येऊ द्यावे, नाहीतर पांढरे ठिपके ठरलेले. खडीचा एक तृतीयांश भाग या आठवड्यात, दुसरा पुढच्या. सायफनचे तोंड तळापर्यंत खुपसून गाळ वर आला की नळी चिमटावी, खडी खाली बसेल. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज पिळावा, पण खडी आणि स्पंज एकाच दिवशी नव्हे. नळ लांबला तर आठवड्याऐवजी दहा दिवसांनी करावे आणि खाणे निम्मे करावे; निरोगी मासा चार दिवसांच्या उपासाने मरत नाही, मरतो तो न खाल्लेल्या दाण्याने.

विक्रेत्यांस आमची मागणी स्पष्ट आहे: वरचा मजकूर आपापल्या गावच्या पाण्याप्रमाणे दुरुस्त करून मराठीत अर्ध्या पानावर छापावा आणि प्रत्येक विकलेल्या टाकीच्या काचेला मागील बाजूने चिकटवून द्यावा. येवला, मनमाड, नांदगाव, वैजापूर येथील वाचकांनी पुढील आवर्तनाचे पाणी नळाला आले की पहिल्या दिवशीचे व आठव्या दिवशीचे टीडीएस आणि पीएच मोजून, नळाचे की बोअरचे ते लिहून, पोस्टकार्डाने कळवावे. आकडे गावनिहाय छापू. ज्यांची वर्गणी दोन वर्षे थकली आहे, त्यांनी त्याच पत्रात तिचाही निकाल लावावा.