भाग्यवंताचे कपाळ

नरकचतुर्दशीला पहाटे सर्वांना तेल लावण्याचा मान आमच्या घरी आईचा. वय शहाऐंशी, पण हा मान तिने अद्याप सुनेकडे सोपविलेला नाही. गेल्या दिवाळीत चिरंजीव पाटावर बसले. आईने टाळूवर तेल घातले आणि ऐकू कमी येत असल्यामुळे जरा मोठ्यानेच म्हणाली, "अरे, हे तेल थांबत कसे नाही? सगळे कपाळावर ओघळते आहे!"

सगळे हसले. विनोदाची संधी फुकट घालविणे माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, "घरात दोन टकले झाली हे बरेच झाले. तेलाच्या भावाकडे पाहता निम्म्या वाटीत भागेल!"

चिरंजीव हसले नाहीत. फराळाला आले ते डोक्यावर टोपी घालून. घरात, पंख्याखाली, टोपी! भाऊबीजेला बहिणीकडे गेले नाहीत. पुढे मार्गशीर्षात दोन चांगली स्थळे सांगून आली, तर "इतक्यात नको" म्हणून दोन्ही परतविली. वय वर्षे सव्वीस.

"हे सर्व तुमच्या माहेरचे देणे," मी सौ.ला म्हणालो. "टक्कल आजोळाकडून येते. तुमच्या वडिलांचे डोके आठवा."

"आणि तुमच्या डोक्यावर आहे ते काय?" सौ.ने विचारले. "पौर्णिमेचा चंद्र?"

वाद तेथेच संपला. पण जानेवारीत कपाट आवरताना सौ.ला चिरंजीवांच्या खणात सात बाटल्या सापडल्या. कांद्याचा रस, भृंगराज, कसलासा अर्क. बाटल्यांखाली एक पावती होती: केसरोपणासाठी आगाऊ भरलेले वीस हजार रुपये. शस्त्रक्रिया करणार कोण, याचा पावतीवर पत्ता नव्हता. सौ.ने ती माझ्यापुढे ठेवली आणि एवढेच म्हणाली, "तुम्ही विनोद करा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे केस तिशीच्या आत गेले. सौ.ला पाहायला गेलो तेव्हा डाव्या कानावरचे केस वाढवून, पाणी लावून, उजव्या कानापर्यंत नेले होते. चहा येईपर्यंत माझे सगळे लक्ष त्या घरच्या पंख्याकडे. तो लागला असता तर माझी अब्रू उडाली असती. हे सारे मी पार विसरून गेलो होतो. टक्कल जुने झाले की माणसाला त्याचा विनोद सुचतो. नवे असताना सुचत नाही.

सकाळी मी चिरंजीवांना म्हणालो, "चूक झाली. पैसे घालवायचेच असतील, तर आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ." ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग टोपी शोधू लागले.

डॉक्टरीणबाईंनी आधी टोपी काढायला लावली. मग भिंगाने टाळू पाहिली, आजारपणे विचारली, थोडे रक्त तपासायला दिले. का, तर प्रत्येक केसगळती म्हणजे टक्कल नव्हे. डेंग्यू, टायफॉइड, मोठे ऑपरेशन किंवा उपासमारीचे डाएट झाले, की दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. चाई पडते ती निराळी: नाण्याएवढा गुळगुळीत गोल. तेथे शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. लोह कमी पडले किंवा थायरॉइड बिघडले तरी केस जातात. पुरुषाचे नेहमीचे टक्कल मात्र कानशिलांवरून मागे सरकते, नाहीतर टाळूवर पातळ होते. चिरंजीवांचे हेच होते.

"रोज शंभर केस जातात हो!" चिरंजीव काकुळतीने म्हणाले.

"जाऊ देत," बाई म्हणाल्या. "डोक्यावर सुमारे एक लाख असतात. रोज पन्नास ते शंभर सर्वांचेच गळतात." केस दोन ते सहा वर्षे वाढतो, तीनेक महिने विश्रांती घेतो, मग गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. टक्कल पडताना मूळ दर खेपेस आक्रसते आणि नवा केस आधीच्यापेक्षा बारीक व आखूड उगवतो. शेवटी राहते ती लव. म्हणून केस मोजण्यापेक्षा त्यांची जाडी पाहावी, आणि मुळे जिवंत आहेत तोवर उपचार करावा.

आक्रसतात कशाने? जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ साली दाखविले, की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण गेले त्यांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक टोचले, तर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागतात. म्हणजे संप्रेरकही हवे आणि वारसाही हवा. पुढे १९७४ साली डोमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध झाली. टेस्टोस्टेरॉनचे अधिक तीव्र रूप, म्हणजे डीएचटी, बनविणारे विकर त्यांच्यात जन्मतःच कमी. त्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि कपाळावरचे केस मागे हटत नसत. खरा चोर डीएचटी, हे असे उमगले.

"मग आजोळाचे काय?" मी हळूच विचारले.

"एक महत्त्वाचे जनुक आईकडूनच येते," बाई म्हणाल्या. मी सौ.साठी चेहरा विजयी करतो न करतो, तोच त्या पुढे म्हणाल्या, "पण बाकीची पुष्कळ दोन्ही घराण्यांकडून येतात."

उपचारांची गोष्टही गमतीची आहे. मिनॉक्सिडिल ही रक्तदाबाची गोळी. खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून तिचे टाळूला लावायचे औषध केले. अमेरिकेत १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. पहिले काही आठवडे केस उलट अधिक गळतात. घाबरून सोडू नये. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबविले की मिळविलेले जाते. फिनॅस्टेराइड ही प्रोस्टेटची गोळी. तिच्या लहान मात्रेला १९९७ साली टकलासाठी मान्यता मिळाली. ती डीएचटी कमी करते.

येथे बाईंनी मला जरा बाहेर बसायला सांगितले. घरी आल्यावर चिरंजीवांनी सांगितले ते असे: थोड्या पुरुषांत ही गोळी कामेच्छा मंदावते, क्वचित मन खचते. तसे वाटले तर लपवू नये, लगेच डॉक्टरांना सांगावे. गर्भवती स्त्रीने फुटक्या गोळीला हात लावू नये. आणि माझ्या वयाच्या कोणी ही घेत असेल, तर प्रोस्टेटच्या रक्ततपासणीआधी सांगावे. आकडा सुमारे निम्म्याने कमी येतो.

केसरोपण खोटे नव्हे. मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी आपला टिकाऊ गुण सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५९ साली मांडले. पण ती शस्त्रक्रिया आहे. ती शिकलेल्या डॉक्टराच्याच हातून व्हावी. शिवाय सव्विसाव्या वर्षी पुढची ओळ लावली आणि मागचे टक्कल वाढत गेले, तर मध्ये ओसाड रान राहते. बाटल्यांविषयी बाई एवढेच म्हणाल्या, की आपल्या औषधनियमांत जे विकार बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशी यादी आहे, त्यात टक्कल आहे.

चिरंजीवांनी औषध व गोळी दोन्ही निवडली. वीस हजार परत मिळाले नाहीत. ते शिकवणीचे समजलो.

आता नऊ महिने झाले. जंगल उगवले असे नाही, पण ओहोटी थांबली आहे आणि टाळूवर थोडी दाटी दिसते. टोपी मार्चमध्येच सुटली, म्हणजे औषधाला गुण येण्याआधी. त्याचे श्रेय कशाला द्यावे, हे मला सांगता येत नाही. गेल्या महिन्यात एका मुलीला भेटूनही आले. पहिल्याच भेटीत गोळीचे सांगितले म्हणे.

मी सौ.ला त्या जुन्या पंख्याची भीती प्रथमच सांगितली. ती म्हणाली, "मला चहा आणतानाच दिसले होते. म्हणून तर मी पंख्याचे बटण दाबले नाही."

यंदा नरकचतुर्दशीला आई तेल लावील तेव्हा मी गप्प बसायचे ठरविले आहे. तिला मात्र कोण सांगणार?