चौदा ओळींचे गुण

“सॉनेट म्हणजे चौदा ओळींची कविता” एवढे लिहिले, की आमचा विद्यार्थी पास! एकदा वर्गात एका मुलीने विचारले, “सर, चौदाच का?” “परीक्षेत हे विचारत नाहीत,” असे मी तिला दटावले. ते उत्तर मला अजून बोचते.

पेत्रार्क आठ ओळींत विषय मांडून पुढच्या सहांत वळण घेतो. शेक्सपिअर चार-चार ओळींचे तीन फेरे घालून शेवटच्या दोन ओळींत गाठ मारतो. सॉनेट आहे ते त्या कलाटणीत! केशवसुतांनी—तेही शिक्षकच—१८९२ साली हे रूप मराठीत आणले. आपल्या आज्या ओवी जात्यावर कानांनी शिकल्या. मग इंग्रजी कविताच तेवढी ओळी मोजून का घोकायची? गुरुजनहो, फळ्यावरची व्याख्या पुसा. आधी कविता मोठ्याने वाचा!