हरण्याचा हक्क : रामटेक, न्यूयॉर्क आणि नागपूरचे महापौरपद

१/ रामटेकचा मतदार आपला नगराध्यक्ष स्वतः निवडतो. तेथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर असलेल्या नागपूरच्या मतदाराला मात्र आपला महापौर निवडता येत नाही. ते काम नगरसेवक करतात. या विसंगतीने आपण काय गमावले, हे तीन पराभवांच्या आधारे मांडतो. विषय रूक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचावे.

२/ पहिला पराभव रामटेकचाच. १९८४ आणि १९८९ साली पी. व्ही. नरसिंह राव यांना लोकसभेत पाठवणाऱ्या या मतदारसंघात १९९९ साली काँग्रेसतर्फे बनवारीलाल पुरोहित उभे राहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सुरू केलेल्या ‘द हितवाद’ या नागपूरच्या इंग्रजी दैनिकाची सूत्रे त्यांच्या हाती होती. शिवसेनेच्या सुबोध मोहिते यांनी त्यांना हरवले.

३/ अशा निकालानंतर दोन सोपी विधाने हमखास ऐकू येतात. एक : ‘लोकांनी लेखणीवाल्यांना नाकारले.’ दुसरे : ‘वर्तमानपत्र हाती असूनही हरले, म्हणजे वर्तमानपत्राला किंमतच नाही.’ दोन्ही विधाने आळशी आहेत.

४/ याच पुरोहितांनी नागपुरातून १९८४, १९८९ आणि १९९६ अशा तीन निवडणुका जिंकल्या होत्या. २००४ साली स्वतःच्या विदर्भ राज्य पक्षातर्फे आणि २००९ साली भाजपतर्फे ते हरले. दैनिक तेच, माणूस तोच. पक्ष, काळ आणि मतदारसंघ तेवढे निराळे. जी गोष्ट जय आणि पराजय या दोन्हींत कायम राहिली, तिला निकालाचे कारण ठरवणे तर्काला धरून नाही.

५/ दुसरा पराभव रामटेकच्या शेजारच्या भंडाऱ्यातला. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ या पत्रांमागची प्रेरणा असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ साली उत्तर मुंबईतून हरले आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. मतपेटीचा आकडा आणि विचाराचा पल्ला या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

६/ मात्र हे दोन्ही पराभव लोकसभेचे. शहराच्या कारभारावर टीका करणारा माणूस शहराच्याच सर्वोच्च पदासाठी जनतेपुढे गेला, तर काय घडते? ते पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावे लागते, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

७/ न्यूयॉर्क, १९६५. ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाचे संस्थापक-संपादक विल्यम बकली महापौरपदासाठी उभे राहिले. निवडून आलात तर प्रथम काय कराल, असे विचारल्यावर ते म्हणाले : फेरमोजणीची मागणी करीन! म्हणजे आपण हरणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

८/ त्या शरद ऋतूत संपामुळे शहरातील अनेक मोठी दैनिके काही आठवडे बंद होती. त्यामुळे दूरचित्रवाणीवरील वादविवादांचे वजन वाढले आणि वादपटू बकली घरोघर पोहोचले. त्यांच्या कित्येक सूचना कठोर होत्या, काही तर मला सर्वथा अमान्य आहेत. पण सायकलींसाठी उन्नत मार्ग बांधावा ही कल्पना, जी तेव्हा हास्यास्पद ठरली, तीही त्याच प्रचारातली.

९/ निकाल : जॉन लिंडसे विजयी, अब्राहम बीम दुसरे, बकली तिसरे. त्यांना ३,४१,२२६ मते मिळाली, म्हणजे सुमारे १३ टक्के. पाचच वर्षांनी त्यांचे बंधू जेम्स बकली त्याच छोट्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे न्यूयॉर्कमधून सिनेटवर निवडून आले. पराभवातून मतदारांचा एक अदृश्य वर्ग प्रथमच मोजला गेला होता.

१०/ आता नागपूरकडे या. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २४ लाख. येथला एखादा स्तंभलेखक उद्या महापौरपदासाठी जनतेपुढे उभा राहू शकेल का? नाही. त्याने आधी एका प्रभागातून नगरसेवक व्हावे, मग पक्षाची मर्जी मिळवावी, मग आरक्षणाची सोडत अनुकूल निघावी. एवढे होऊन पद मिळते अडीच वर्षांसाठी, आणि कार्यकारी अधिकार राहतात आयुक्तांकडेच!

११/ घटनेचा अडसर आहे का? मुळीच नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरप्रमुखाच्या निवडीची पद्धत ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. रामटेकजवळच्या मनसरहून देवलापार, खवासा ओलांडून जबलपूरला जा. तेथे २०२२ साली महापौर थेट जनतेने निवडला. म्हणजे एकाच महामार्गावर, राज्याची सीमा ओलांडताच नागरिकाचा हक्क बदलतो.

१२/ आणि आमच्या राज्यकर्त्यांची या तत्त्वावरची निष्ठा पाहा. थेट नगराध्यक्ष २००१ साली आणला, २००६ साली काढला, २०१६ साली परत आणला, २०२० साली पुन्हा काढला, २०२२ साली पुन्हा आणला. ज्याला जी पद्धत सोयीची, ती त्याची लोकशाही. १९९७ साली नगरसेवकांच्या मतांवर नागपूरचे महापौर झालेले देवेंद्र फडणवीस २०१६ साली मुख्यमंत्री होते. छोट्या शहरांना त्यांनी थेट निवड दिली. महानगरांना दिली नाही.

१३/ आक्षेप ठाऊक आहेत. थेट निवडलेला अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्याचे, असे झाले की कारभार अडतो. प्रसिद्ध आणि धनवान उमेदवाराला झुकते माप मिळते. पहिला आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय अधिकारांची स्पष्ट वाटणी हा आहे. दुसऱ्याबद्दल एवढेच : केवळ प्रसिद्धीने पदे मिळत असती, तर १९९९ चे रामटेक आणि १९६५ चे न्यूयॉर्क घडलेच नसते.

१४/ टीकाकाराने निवडून यावे असा माझा आग्रह नाही. त्याने आपले म्हणणे मतदारासमोर ठेवावे, प्रश्नांना तोंड द्यावे आणि पटले नाही तर उघडपणे हरावे. त्या पराभवातून शहराला स्वतःचे मन कळते. रामटेकसारख्या छोट्या नगराला हा अधिकार पेलतो, तर नागपूर, पुणे, मुंबईला तो का पेलणार नाही? उत्तर असल्यास पुराव्यानिशी लिहावे. येथे वादाचे स्वागतच आहे.