चित्र झाकले आणि वाचन थांबले

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाचा आठवडा डोळ्यांसमोर आणावा. सोमवारी मंडईत भाजीचा हिशेब, मंगळवारी कुंडीतल्या मेथीची उंची पट्टीने मोजून वहीत नोंद, बुधवारी वाचनालय, गुरुवारी पोहणे, शुक्रवारी घरशाळेतल्या इतर मुलांबरोबर टेकडी. सहा वर्षांचा मुलगा बोलका, चौकस. इंग्रजी गोष्टींची पुस्तके तो घडाघडा ‘वाचतो’, म्हणून आईबाबा निश्चिंत.

शनिवारी आजी येते. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नातू ‘पोनी’ या शब्दावर बोट ठेवून ‘हॉर्स’ म्हणतो. आजी तळहाताने चित्र झाकते आणि म्हणते, “आता वाच बरं, बाळा.” मुलगा गप्प. पुढच्या ओळीवरही गप्प. इतके दिवस तो चित्रे पाहून अंदाज बांधत होता आणि उरलेले पाठ म्हणत होता.

त्या रात्री आईबाबा मोबाइलवर फोनिक्सचे वर्ग शोधू लागतात. एकात गाणी आणि रंगीत कार्डे, दुसऱ्यात महिन्याच्या वर्गणीचे अ‍ॅप, तिसऱ्यात तीस दिवसांत वाचनाची हमी. यातले कोणते घ्यावे, हा त्यांचा प्रश्न. पण त्याआधी वाचन म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे.

बोलणे मूल ऐकूनऐकून शिकते. वाचनाचे तसे नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, त्यामुळे मेंदूत वाचनाचे जन्मजात केंद्र नाही. डाव्या मेंदूच्या मागच्या, खालच्या बाजूला वस्तू आणि चेहरे ओळखणारा भाग असतो. त्यातलाच एक हिस्सा सरावाने अक्षरे ओळखू लागतो आणि ध्वनी व अर्थ सांभाळणाऱ्या भागांशी जोडला जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टॅनिस्लास देहाने यांनी हे मेंदूच्या प्रतिमांवरून सविस्तर मांडले आहे. ही जोडणी बहुतेक मुलांमध्ये आपोआप होत नाही. ती करून द्यावी लागते.

फोनिक्स म्हणजे हीच जोडणी क्रमाने करून देणे. अमेरिकेच्या ‘नॅशनल रीडिंग पॅनेल’ने 2000 मध्ये उपलब्ध संशोधन तपासून, क्रमबद्ध फोनिक्स हे विस्कळीत शिकवण्यापेक्षा सरस ठरते, असा निष्कर्ष काढला. इंग्लंडने 2006 च्या रोझ अहवालानंतर ती दिशा धरली आणि 2012 पासून तिथे पहिलीच्या मुलांची ध्वनिवाचनाची छोटी चाचणी होते. त्या चाचणीत अर्थहीन, बनावट शब्दही असतात, कारण ते पाठ करता येत नाहीत. आजीने तळहाताने केले ते हेच.

मराठी घरात एक वेगळीच अडचण येते. आपल्या प्रत्येक व्यंजनात ‘अ’ दडलेला असतो. त्यामुळे आई ‘कॅट’ शिकवताना ‘क, अ‍ॅ, ट’ म्हणते आणि मुलाच्या कानावर ‘कअ-अ‍ॅ-टअ’ पडते. ते जोडून ‘कॅट’ होत नाही. यावरचा उपाय आपल्याच लिपीत आहे: अक्षराचा पाय मोडा. क्, अ‍ॅ, ट्. बाराखडी म्हटलेले मूल क् मध्ये आ मिळवला की का होतो, हे जाणते. जोडणीची कल्पना त्याच्याकडे आधीच असते. मराठीही सर्वस्वी सरळ नाही. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च वेगळे. पण इंग्रजीत 26 अक्षरे सुमारे 44 ध्वनींचा भार वाहतात. तिथे क्रम चुकला की मूल गोंधळते.

म्हणून वर्ग निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. ध्वनी सोप्याकडून अवघडाकडे ठरलेल्या क्रमाने येतात का? सुरुवातीच्या पुस्तकांत शिकवून झालेल्याच ध्वनींचे शब्द आहेत का? मूल वाचण्याबरोबर ऐकून लिहितेही का? आणि अडले की ‘चित्र बघ, अंदाज कर’ असे सांगितले जाते की ‘ध्वनी जोड’ असे? चौथ्याचे उत्तर पहिले असेल, तर तो वर्ग कितीही महाग असो, घेऊ नये. या कसोटीला उतरणारा साधा संच आणि रोजची पंधरा-वीस मिनिटे पुरतात. हमी देणाऱ्या जाहिरातींची गरज नाही.

मात्र फोनिक्स म्हणजे संपूर्ण वाचन नव्हे. गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये एक साधे सूत्र मांडले: शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. यातले काहीही शून्य असेल तर गुणाकार शून्यच. मंडईतल्या गप्पा, टेकडीवरचे प्रश्न, आजीच्या मराठी गोष्टी ही दुसरी बाजू भरून काढतात. त्या बाबतीत घरशाळा श्रीमंत आहे. तो आठवडा मोडायचा नाही, त्यात वीस मिनिटे घालायची आहेत.

घरशाळेची उणीव दुसरीकडे आहे. शाळेत शिक्षकासमोर एकाच वयाची चाळीस मुले असतात. मागे पडणारे निदान दिसू शकते. घरात तुलना नसते आणि प्रेमाला उशीर लवकर जाणवत नाही. म्हणून वर्गाचे पैसे भरण्याआधी मुलाचे कान आणि डोळे तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते, ऐकू थोडे कमी येते आणि क्, ट्, प् यांतला फरक निसटतो. उलटी अक्षरे काढणे या वयात बहुधा स्वाभाविक असते. पण सहा महिने नीट शिकवूनही मूल ध्वनी जोडू शकत नसेल, बोलायला उशिरा लागले असेल किंवा घरात कोणाला वाचनाची अडचण असेल, तर डिस्लेक्सियाचा विचार व्हायला हवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तिचे प्रमाणपत्र साधारणपणे वयाच्या आठ वर्षांनंतर मिळते. मदत मात्र तोवर थांबवू नये. आणि रंगीत चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होत नाही; अमेरिकेतील बालरोग व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच हे संयुक्तपणे सांगितले आहे.

मुलाला घरी शिकवणे हा आईबाबांचा निर्णय. पण त्यासोबत शाळेची एक जबाबदारीही घरी येते: मूल खरोखर वाचते का, हे ठरावीक काळाने, मन घट्ट करून तपासण्याची. त्यासाठी यंत्र लागत नाही. दर महिन्याला एकदा चित्रावर तळहात ठेवावा.