तिकीट कापू नका, पाकीट जपा



दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पेट्या उघडतात. मुले जुन्या चिठ्ठ्यांवरची तिकिटे कापून वहीत चिकटवतात आणि पाकीट रद्दीत जाते. माझ्या मते तिकिटाहून मोलाची वस्तू त्या रद्दीत जाते, ती म्हणजे टपालाचा शिक्का.

एक उदाहरण घेऊ. १८९१ साली बांधलेली 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही आगबोट ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९१४ साली विकत घेतली. महायुद्धातील हिंदी सैनिकांसाठी तिचे इस्पितळ-जहाज झाले व तिला 'लॉयल्टी' हे नाव मिळाले. युद्धानंतर ती सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेली. वालचंद हिराचंद हे त्या कंपनीचे एक संस्थापक. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस पाळतो. स्पर्धा परीक्षा देणारी मुले ही तारीख पाठ करतात. पण जखमी जवान केव्हा, कोणत्या जहाजाने घरी परतले, ते कोणत्या पुस्तकात पाहायचे?

जवानाच्या चिठ्ठीतही ते सापडत नाही. युद्धकाळात पत्रे तपासली जात, जहाजाचे वा ठिकाणाचे नाव लिहिण्यास मनाई असे. मेसोपोटेमियात १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी लढल्या. तेथील जखमींना इस्पितळ-जहाजे बसऱ्याहून मुंबईला आणीत. अशा जवानाने घरी बहुधा "मी बरा आहे" एवढेच कळवले असणार.

बाकीचे पाकीट सांगते. तिकिटावर 'आय.ई.एफ.' ही छापील अक्षरे म्हणजे चिठ्ठी परदेशी गेलेल्या हिंदी फौजेतली. गोल शिक्क्यात फौजी डाकघराचा क्रमांक व तारीख. काही पाकिटांवर जहाजाचाही शिक्का असतो. पाठीमागे पाहावे, तेथे वाटेतल्या किंवा पोहोचल्या गावच्या पोस्टाचा शिक्का मिळू शकतो.

अर्थात एका पाकिटाने प्रवास सिद्ध होत नाही. मुंबईच्या शिक्क्यावरून चिठ्ठी त्या दिवशी मुंबईत होती एवढेच कळते. जहाज चार दिवस आधीही आले असेल. पण दहा घरांची दहा पाकिटे तारखेप्रमाणे लावली, तर जहाजाची वाट दिसू लागते. त्यातले एक कापले गेले, तर साखळी तिथेच तुटते.

कोणी म्हणेल, जुन्या पाकिटाला चांगला भाव येतो. वस्तू आपली आहे, खुशाल विकावी. मात्र त्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा आणि चिठ्ठी कोणी कोणाला लिहिली ते वहीत नोंदवावे.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की, मूळ चिठ्ठी शाळेत आणू नका. सुट्टीत शिक्क्यांची अक्षरे व तारखा जशाच्या तशा उतरवून आणा. ते जवान आता नाहीत, त्यांच्याकडून ऐकलेलेही फार थोडे उरले. रामाकोन्यातल्या एखाद्या पेटीत असे पाकीट असेल, तर ते यंदाच्या रद्दीत जाऊ नये.