ती काय म्हणते?

गेल्या महिन्यात वस्तीतली बी. ए.ला असलेली एक मुलगी इंग्रजीचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. प्रश्न होता, 'कवीचा युक्तिवाद स्पष्ट करा.' कविता ॲन्ड्र्यू मार्व्हेल या इंग्रज कवीची, त्याच्या मृत्यूनंतर १६८१ मध्ये छापलेली 'टू हिज कॉय मिस्ट्रेस'.

गाइडात उत्तर तयार होते. वेळ भरपूर असता तर मी युगानुयुगे तुझी आळवणी केली असती. पण मरण पाठीशी आहे. म्हणून आत्ताच हो म्हण. शिवाय अतिशयोक्तीचे मार्क वेगळे. मी विचारले, "आणि ती काय म्हणते?" मुलगी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "ताई, कॉलेजच्या गेटवर थांबणारी मुलंही असंच बोलतात. फक्त यमक नसतं."

कविता अभ्यासक्रमातून काढा, असे मी म्हणत नाही. तिची बांधणी पक्की आहे, म्हणूनच ती नीट शिकवायला हवी. कवितेतली बाई एक शब्दही बोलत नाही. तिच्या नकाराला शीर्षकातच 'लाजणे' ठरवून टाकले आहे. तेच आपण वर्गात पुढे चालवायचे का?

भाषणांचेही तसेच. गुलामीत जन्मलेल्या सोजर्नर ट्रुथ यांनी १८५१ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे स्त्री-हक्क परिषदेत भाषण केले. वर्गात ते शिकवतात ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका प्रश्नासाठी : मी बाई नाही का? पुनरुक्तीचे उत्तम उदाहरण! पण त्याच वर्षी मारियस रॉबिन्सन यांनी छापलेल्या वृत्तांतात हा प्रश्न नाही. तो आला १८६३ मध्ये, परिषदेच्या अध्यक्षा फ्रान्सिस गेज यांच्या लेखणीतून. गेज यांनी ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेकडची बोली घातली. ट्रुथ तर न्यूयॉर्क राज्यातल्या, त्यांची पहिली भाषा डच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. एका गोऱ्या भगिनीने, भल्या हेतूने का होईना, त्यांचा आवाज बदलला. आपणा चळवळीतल्या सुशिक्षित बायकांनाही हे झोंबायला हवे. वस्तीतल्या बाईचे म्हणणे आपण अहवालात कोणाच्या भाषेत लिहितो?

प्राध्यापक म्हणतात, हे साहित्य नव्हे, समाजकार्य झाले. का बरे? बोलतो कोण, कोणाशी, उत्तर द्यायची मुभा कोणाला, आणि लिहून कोणी ठेवले, हे विचारल्याशिवाय कवितेचा किंवा भाषणाचा अर्थ लागतो तरी कसा?

मुलीने शेवटी उत्तर लिहिले. गाइडातल्या तीन पायऱ्यांखाली स्वतःची एक ओळ घातली : तिला विचारलेले नाही. त्या ओळीला मार्क मिळतील की नाही, ठाऊक नाही. पण नकार म्हणजे लाजणे नव्हे, हे ज्यांनी शिकायचे ते मुलगेही त्याच वर्गात बसलेले आहेत.