गोळी सरकारची, डाळ दात्याची

क्षयरुग्णाच्या घरातल्या माणसांना काही महिने पुरेसा डाळ-भात मिळाला, तर त्या घरात क्षयाचा दुसरा रुग्ण निघण्याचे प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. ही कोणा आहारतज्ज्ञाची सदिच्छा नव्हे, रीतसर घेतलेल्या वैद्यकीय चाचणीचा निष्कर्ष आहे. चाचणी आपल्याच देशात झाली, आपल्याच गरिबांच्या घरांत झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर वाचली गेली. तिच्यावरून सरकारने केले काय? रुग्णाचे अनुदान वाढवले आणि कुटुंबाची डाळ दात्यांवर सोपवली. ही वाटणी चुकीची आहे.

‘रेशन्स’ या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २०१९ साली सुरू झाली. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या सहकाऱ्यांसह ती केली. फुप्फुसाचा क्षय झालेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे तिच्यात होती. रुग्णांमध्ये आदिवासी मोठ्या संख्येने होते. पाचांपैकी चार रुग्ण कुपोषित होते, निम्म्यांच्या आसपास तर अतिकुपोषित.

चाचणीची रचना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. रुग्णाला उपाशी ठेवून तुलना करणे माणुसकीला धरून झाले नसते, म्हणून शिधा प्रत्येक रुग्णाला मिळाला. महिन्याला दहा किलो: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या. चिठ्ठ्या टाकल्या त्या फक्त कुटुंबांसाठी, आणि त्याही एकेका घराच्या नव्हे, तर त्या भागातल्या अठ्ठावीस क्षयरोग केंद्रांच्या. निम्म्या केंद्रांतल्या कुटुंबांना रुग्णाच्या शिध्यापलीकडे काही मिळाले नाही. उरलेल्या केंद्रांत घरातल्या प्रत्येक प्रौढामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांची गोळी मिळत गेली. मग सुमारे दोन वर्षे या घरांवर लक्ष ठेवले गेले. शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षय, म्हणजे खोकल्यातून दुसऱ्याला लागणारा प्रकार, तो तर ४८ टक्क्यांनी कमी. एक नवा रुग्ण टाळायला साधारण तीस घरांना शिधा पुरवावा लागतो, असा हिशेबही संशोधकांनी मांडला. रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक कमी होते.

यात नवे ते काय, असे कोणी विचारील. क्षय हा उपाशी माणसाचा रोग आहे, हे गावातल्या म्हातारीलाही ठाऊक असते. खरे आहे. पण हे सर्वांना ठाऊक असलेले ज्ञान वैद्यकशास्त्राच्या दप्तरातून साठ वर्षे बाहेर राहिले, आणि ते बाहेर पडले तेही एका अतिशय चांगल्या चाचणीमुळे. तो इतिहास इथे सांगितलाच पाहिजे.

१९५६ साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून क्षयरोग रसायनोपचार केंद्र काढले. त्या काळी क्षय झाला की सॅनेटोरियम, हा शिरस्ता होता. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी. मिरजेपासून पाचगणीपर्यंत आपल्याकडेही अशी आरोग्यधामे होती. रुग्ण लाखोंनी आणि खाटा मूठभर. तेव्हा प्रश्न असा होता, की नव्याने हाती आलेली औषधे रुग्णाला घरीच दिली तर चालेल का? डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून निम्मे घरी ठेवले, निम्मे सॅनेटोरियमला पाठवले. दोघांना औषधे तीच, मुदत एक वर्षाची. घरचे रुग्ण मद्रासच्या दाटीवाटीच्या वस्तीत राहत होते, काम करत होते, कमी खात होते. तरीही ते जवळजवळ तितकेच बरे झाले. घरातल्या माणसांना त्यांच्यापासून जास्त लागण झाली, असेही आढळले नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष आले आणि जगभरची सॅनेटोरियमे हळूहळू ओस पडली. गरीब देशांतल्या कोट्यवधी रुग्णांचा उपचार घराजवळच्या दवाखान्यात आला, तो या चाचणीमुळे. तिचे उपकार थोर आहेत.

पण तिच्या निष्कर्षातून जो अर्थ काढला गेला, तो निष्कर्षापेक्षा मोठा होता. औषध नियमित घेतले तर कमी आहारातही थुंकीतले जंतू जातात, एवढे चाचणीने दाखवले होते. धोरणकर्त्यांनी ऐकले ते असे, की आहाराचा क्षयाशी फारसा संबंध नाही. रुग्णाची ताकद किती भरून येते, तो पुन्हा कामाला कधी उभा राहतो, घरातल्या अशक्त मुलाला पुढे हा रोग होतो का, यांतले बरेचसे त्या चाचणीने विचारलेही नव्हते. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तिच्या तोंडी घालणे हा धोरणकर्त्यांचा उद्योग, आणि ती उत्तरे नेमकी कमी खर्चाची निघतात हा काही योगायोग नव्हे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. औषध रोज न देता आठवड्यातून दोन-तीनदा दिले तरी चालते, हेही मद्रासच्याच प्रयोगांनी पुढे आणले. आठवड्यातून तीनदा द्यायचे, तर आरोग्यसेवकासमोर गोळी गिळवून घेणे सोपे जाते. म्हणून १९९७ पासून देशभर पसरलेल्या ‘डॉट्स’ कार्यक्रमात हाच पाठ घेतला गेला. पुढे पुरावा उलटा येऊ लागला. रोजचा डोस बरा, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच दिला. तरी आपला कार्यक्रम जागचा हलला नाही. शेवटी जनहित याचिका झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की नऊ महिन्यांत रोजचा डोस सुरू करा. खर्च आणि व्याप कमी करणारे संशोधन देशभर राबवले जाते. खर्च वाढवणारे संशोधन मात्र कोर्टाच्या दारात उभे राहते.

आता झारखंडचा निष्कर्ष त्याच वाटेने चालला आहे का, हे पाहू. सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिना पाचशे रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले, आणि पहिले तीन हजार उपचाराच्या सुरुवातीलाच द्यायचे ठरले. कमी वजनाच्या रुग्णांना पहिले दोन महिने पौष्टिक पूरक आहार देण्याचाही निर्णय झाला. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र हे सारे रुग्णासाठी आहे. झारखंडच्या चाचणीचा मुख्य शोध कुटुंबाविषयी होता, आणि कुटुंबासाठी सरकारने दाखवलेला रस्ता आहे ‘निक्षय मित्र’.

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालेल्या या उपक्रमात व्यक्ती, संस्था, कंपन्या, लोकप्रतिनिधी रुग्णांना ‘दत्तक’ घेतात आणि दरमहा शिधा देतात. २०२४ मध्ये रुग्णाच्या कुटुंबीयांनाही त्यात सामावून घेतले. देणाऱ्यांच्या भल्या मनाबद्दल शंका नाही. शंका आहे ती व्यवस्थेबद्दल. दात्याचा उत्साह सहा महिने टिकेलच याची हमी कोण देणार? दाते शहरांत आणि कारखान्यांभोवती भेटतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर किती पोचतात? शिधावाटपाचा समारंभ होतो, फोटो निघतो, आणि जो आजार रुग्णाने शेजाऱ्यापासूनही लपवलेला असतो तो गावभर होतो. दान आले तर घ्यावे. पण ज्या शिध्याने रोग टळतो हे चाचणीने सिद्ध झाले आहे, तो शिधा म्हणजे प्रतिबंधक उपचार. बाळाची लस दात्याची वाट पाहत थांबत नाही. क्षयरुग्णाच्या घरातल्या लेकराची डाळ का थांबावी?

आक्षेप येतील, आणि ते ऐकून घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की चाचणी एका राज्यातली, अतिकुपोषित लोकसंख्येतली आहे. बरोबर. पार्ल्यातल्या मधुमेही क्षयरुग्णाच्या घरी तांदूळ पाठवा, असे कोणी म्हणत नाही. तिथे मधुमेह आटोक्यात आणणे हाच प्रतिबंध. शिधा कुणाला द्यायचा हे ठरवायला यंत्रे लागत नाहीत, वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी पुरते. अशा साध्या मोजमापांवरून रुग्णांची निवड करता येते, हे तमिळनाडूने २०२२ पासून ‘कासनोई एरप्पिल्ला तिट्टम’ ही योजना राबवून दाखवले आहे. निदान होताच रुग्णाचे वजन-उंची बघायची, श्वासाचा वेग आणि रक्तातला ऑक्सिजन बघायचा, आधाराशिवाय उभा राहतो का ते बघायचे. यांत जो गंभीर ठरतो त्याला लगेच रुग्णालयात दाखल करायचे. परिचारिका आणि क्षयरोग कर्मचारी हे काम करतात. संशोधनाचा निष्कर्ष दवाखान्याच्या टेबलापर्यंत आणायला काय लागते, याचा हा नमुना आहे.

दुसरा आक्षेप: घरच्यांना प्रतिबंधक गोळ्या देतोच आहोत, मग डाळ कशाला? गोळ्या द्याव्यातच. पण गोळी शरीरात दडलेल्या जंतूंवर काम करते. उपाशी शरीर पुढच्या लागणीला पुन्हा तितकेच उघडे असते. तिसरा आक्षेप: शिधा दिला तर घरातले सगळे वाटून खातील, विकतील, गळती होईल. घरातल्या सगळ्यांनी खावे हाच तर हेतू आहे! आणि गळती होते म्हणून रेशन बंद करावे, असे आपण इतर कोणत्याही बाबतीत म्हणत नाही.

राहिला खर्च. तो का करावा, हे कळायला आपण आज कुठे आहोत ते पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार भारतात क्षयाचे प्रमाण २०१५ मध्ये लाखामागे २३७ होते, ते २०२४ मध्ये १८७ वर आले. घट २१ टक्के. ती जगाच्या सरासरीहून चांगली आहे, यात समाधान मानावेच. पण आपण स्वतःहून घोषणा केली होती ती २०२५ पर्यंत क्षयमुक्त होण्याची, आणि जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा अजूनही आपल्या देशात आहे. नवी निदानयंत्रे आली, औषधप्रतिरोधी क्षयासाठी सहा महिन्यांचा नवा औषधक्रमही २०२४ मध्ये मंजूर झाला. हे सर्व रोग झाल्यावरचे उपाय. रोग होऊच नये म्हणून हाताशी असलेल्या साधनांत डाळ-तांदळाइतके साधे आणि तपासून घेतलेले साधन दुसरे कोणते आहे?

महाराष्ट्राने या बाबतीत केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला: रवा, चणाडाळ, साखर, तेल. रेशन दुकानातून नेहमीच्या धान्यापलीकडचा शिधा पाठवता येतो, हे त्या वेळी राज्याने स्वतःच दाखवून दिले. सणासाठी जे जमते ते आजारासाठी जमत नाही, असे म्हणायला जागा उरलेली नाही. आणि इथे तर लाभार्थी कोट्यवधी नाहीत. प्रत्येक रुग्णाची नोंद निक्षय पोर्टलवर आहे, घर आशाताईंना माहीत आहे, दुकान गावात आहे.

म्हणून मागणी नेमकी आणि छोटी आहे. नंदुरबार, पालघर, गडचिरोली आणि मेळघाट येथे ज्या क्षयरुग्णाचे वजन कमी आहे, त्याच्या घरातल्या प्रत्येक माणसाला उपचाराचे सहा महिने जादा तांदूळ आणि तूरडाळ रेशन दुकानातून फुकट मिळावी. ती समारंभाविना, फोटोविना आणि हक्क म्हणून मिळावी. त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी, आणि वर्षाअखेर या घरांत किती नवे रुग्ण निघाले ते जाहीर करावे. झारखंडच्या आदिवासींनी या चाचणीत भाग घेऊन आपल्या वाट्याचे काम केले. आता पाळी सरकारची आहे.